बिनतारी यंत्राचा पासंग

रिकाम्या तराजूची दांडी एका बाजूस झुकत असली, तर जाणता दुकानदार तराजू फेकून देत नाहीं. हलक्या पारड्यास एखादा खडा बांधतो. यासच पासंग म्हणतात. मोबाईल दूरध्वनीच्या मनोऱ्यावरील यंत्रांत आज हीच युक्ति निराळ्या रूपानें चालूं आहे, असें आम्हीं म्हटलें तर वाचकांस प्रथम थट्टाच वाटेल. पण ती थट्टा नव्हे.

मनोऱ्यावरून निघणारा संदेश मुळांत अगदीं क्षीण असतो. त्यास बळ देणाऱ्या यंत्रास शक्तिवर्धक, किंवा प्रचारांतील शब्दानें अँप्लिफायर, म्हणतात. दुप्पट घ्यावें तर दुप्पट द्यावें, हा त्याचा धर्म. संदेश हलका असेपर्यंत वर्धक तो पाळतोही. पण संदेश जोराचा होऊं लागला कीं तो दमतो, आणि जेथें शंभर द्यावयाचे तेथें ऐंशीच देतो. लाटेचीं शिखरें चेपलीं जातात व तिचा आकार बिघडतो. हीच विकृति होय.

तिचा त्रास बोलणाऱ्यापुरताच असता, तर गोष्ट निराळी. परंतु बिघडलेल्या लाटेंतून मुळांत नसलेल्या नव्याच लहरी उत्पन्न होतात. ९०० व ९०१ मेगाहर्ट्झच्या दोन लहरी एकाच वर्धकांतून पाठविल्या, तर ८९९ व ९०२ मेगाहर्ट्झवरही आगंतुक लहरी उमटतात. आणि तेथें दुसऱ्या कोणाचें तरी संभाषण चाललेलें असतें. त्या इतक्या लगत असतात कीं, गाळून काढणेंही कठीण. शिवाय मूळ लहरींची शक्ति दुप्पट केली, तर यांची आठपट वाढते. एकट्या काकांच्या मोठ्या आवाजानें सबंध माजघराची झोप मोडावी, त्यांतलाच हा प्रकार.

मग वर्धकास बेतानेंच कां चालवूं नये? चालवितां येतो, पण तसें केल्यास त्यानें खाल्लेल्या विजेपैकीं थोडीच कामीं येते व बाकीची उष्णता होऊन जाते. आजच्या संदेशाची शक्ति सरासरीनें बेताचीच असते. मधूनच एखादें शिखर तिच्या पांचसहा पट उसळतें. त्या क्षणभराच्या शिखरासाठीं मोठा वर्धक सदैव मंद चालविणें म्हणजे मुंजीच्या पंगतीसाठीं आणलेल्या हंड्यांत रोज चार माणसांचा भात शिजविणें होय. सरपण जावयाचें तें जातेंच.

या दोषाशीं खरी झुंज सुरू झाली ती तारेच्या दूरध्वनींत. अमेरिकेंत लांबच्या मार्गावर ठिकठिकाणीं वर्धक बसवावे लागत, आणि एकाची विकृति पुढच्याच्या पदरांत पडे. हॅरोल्ड ब्लॅक या तरुण अभियंत्यानें १९२३ सालीं विचार केला कीं, वर्धकांतून बाहेर पडलेल्या संदेशांतून मूळ संदेश योग्य प्रमाणांत वजा केला, तर उरते ती शुद्ध विकृति. तीच दुसऱ्या वर्धकानें वाढवून पुन्हां वजा करावी. युक्ति खरी ठरली, पण तिची बडदास्त फार. दर तासाला कोणीतरी जाऊन विजेचा प्रवाह जुळवीत बसावें लागे.

पुढें २ ऑगस्ट १९२७ रोजीं सकाळीं हडसन नदीच्या नावेंतून कामावर जात असतां ब्लॅक यास दुसरा मार्ग सुचला. बाहेर पडणाऱ्या संदेशाचा कांहीं अंश उलटा करून प्रवेशद्वारीं परत आणावा, म्हणजे वर्धक आपला दोष आपणच खोडील! हातांतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्यानें आकृति काढली व समीकरणें मांडलीं. (दहाच दिवसांपूर्वीं, २३ जुलै रोजीं, मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें होतें, हा योगायोग आम्हांस मोठा गंमतीचा वाटतो.) मिळालेल्या वाढीचा बराच भाग आपण होऊन सोडून द्यावयाचा, ही गोष्ट पुष्कळांच्या गळीं उतरेना. १९२८ सालीं केलेला पेटंटचा अर्ज १९३७ च्या डिसेंबरांत मंजूर झाला.

मनोऱ्यावर मात्र ही पद्धति एकटी पुरत नाहीं. सेकंदास कोट्यवधि वेळां हेलकावणारी लाट फेरी मारून परत येईतों मूळ लाट बदललेली असते, आणि उशिरा आलेली दुरुस्ती नवा घोटाळा करते. म्हणून येथें पासंग. वर्धक शिखर किती चेपणार हें ठाऊक असेल, तर तें आधींच तितकें ताणून त्याच्या स्वाधीन करावें. ताण आणि चेप यांची वजाबाकी होऊन लाट मूळ आकारांत बाहेर पडते. हें गणित संदेश वर्धकांत शिरण्यापूर्वीं एक चिमुकला संगणक करतो.

यांतही खोंच आहे. वर्धक तापतो, निवतो. क्षणापूर्वीं जोराचा संदेश गेला असेल तर त्याची वागणूक बदलते. म्हणजे त्यास आठवण असते! सकाळचा पासंग दुपारीं चालत नाहीं. यास्तव बाहेर पडलेल्या लाटेचा किंचित् अंश वारंवार आंत आणून मूळ संदेशाशीं ताडून पाहतात व गणितांतील आंकडे सुधारतात. ब्लॅकची परतीची वाट ती हीच. फक्त येथें ती लाट सुधारीत नाहीं, हिशेब सुधारते, आणि हिशेबास थोडा उशीर चालतो. अर्थात् वर्धकाची ताकदच संपली, तर कितीही ताणून उपयोग नाहीं. तेवढीं शिखरें आधींच छाटावीं लागतात.

शिवाय हें गणित स्वतः वीज खातें. मोठ्या वर्धकास तो खर्च सहज परवडतो. पण पांचव्या पिढीच्या मनोऱ्यांवर एकाच चौकटींत ६४ पर्यंत लहान लहान वर्धक असतात; प्रत्येकाच्या वाट्यास थोडेच वॅट. तेथें वांचविलेली वीज पासंगाच्या हिशेबांतच खर्ची पडण्याचें भय असतें, आणि थोडक्या आंकडेमोडींत भागेल असा पासंग शोधण्यांत तज्ज्ञ मंडळी सध्यां गुंतली आहे.