वेगाने पट्टा धरणारा ड्रम

लहान कार्यशाळांत सहाणेच्या दगडाऐवजी कधीकधी एक रबरी ड्रम मोटरच्या दांड्यावर बसवलेला आढळतो. त्याच्या घेरावर घासपट्टा, म्हणजे अपघर्षक कण चिकटवलेल्या कापडाचे अखंड कडे, नुसते सरकवलेले असते आणि ते धरून ठेवायला स्क्रू, चिमटा किंवा डिंक लागत नाही. ड्रमच्या जाड रबरी कडेत तिरप्या चिरा असतात. मोटर फिरू लागली की चिरांमधले रबर केंद्रापासून बाहेर रेटले जाऊन पट्टा आतून ताणते, आणि मोटर थांबताच आकसून पट्टा मोकळा करते. २०० मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १,४४० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर होतो आणि कडेवरील रबर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशेहून अधिक पट जोराने बाहेर ओढले जाते. फेरे दुप्पट केले की ही ओढ चौपट होते, म्हणूनच ड्रमवर नमूद केलेली वेगमर्यादा ओलांडणे किंवा पट्टा न चढवता तो फिरवणे अत्यंत धोक्याचे असते. उलट वेग फार कमी पडला तर पट्टा जागचा सरकतो.

या साधनाचा खरा गुण आणि खरी मर्यादा ही दोन्ही रबराच्या मऊपणात आहेत. दाबाखाली रबर किंचित दबत असल्यामुळे धारेच्या उताराला हलकी गोलाई येते. कोयता, कुऱ्हाड किंवा जाड सुरी यांना ती मानवते, कारण धारेमागे अधिक पोलाद राहते. पटाशी आणि रंध्याचे पाते यांची पाठ मात्र काटेकोर सपाट हवी असल्याने ती सपाट दगडावरच घासणे योग्य. धार लावताना पाते असे धरावे की पट्टा पाठीकडून धारेकडे सरकत बाहेर पडेल. धार पट्ट्याच्या गतीला सामोरी आली, तर ती कापडात रुतून पाते हातातून हिसकले जाते.

पोलादाचे पाणी उतरणे, म्हणजे उष्णतेने त्याची कठीणता कमी होणे, हा धार लावणाऱ्याचा मोठा शत्रू आहे. साध्या कार्बन पोलादावर सुमारे २३० अंश सेल्सिअसला पिवळसर आणि ३०० अंशांच्या आसपास निळी झाक चढते, आणि निळी पडलेली धार टिकत नाही. झिजलेला पट्टा कापण्याऐवजी नुसता घासत राहून उष्णता वाढवतो, त्यामुळे पट्ट्यात काटकसर करून अवजार गमावणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. पट्ट्यावरचा आकडा जितका मोठा तितके कण बारीक असल्याने १२०, २२०, ४०० अशा क्रमाने जावे; मधला टप्पा गाळल्यास आधीचे ओरखडे शिल्लक राहतात.

रत्नखडे घासताना याच ड्रमवर सिलिकॉन कार्बाइडचे पट्टे पाण्यासह वापरतात, आणि पाणी तिथे केवळ थंडाव्यासाठी नसते, ते धूळही उडू देत नाही. अकीक हा रत्नखडा सिलिकाचाच प्रकार आहे. गुजरातमधील खंभातच्या अकीक कारागिरांना त्याच्या कोरड्या धुळीने सिलिकोसिस, म्हणजे फुप्फुसे कायमची निकामी करत जाणारा आजार, होत आला आहे. ड्रमवर लाकूड घासले तर त्याची धूळही कर्करोगकारक ठरलेली असल्याने धूळ ओढून घेणारी नळी ड्रमजवळ असणे अगत्याचे आहे, परंतु पोलादाला धार लावण्यापूर्वी त्या नळीतला आणि पेटीतला लाकडी भुसा पूर्ण काढावा लागतो, कारण पोलादाची एक ठिणगी त्यात पडून बराच वेळ धुमसत राहू शकते.