पिंजरा घेताय? आधी फिंचला विचारा!

दिसायला झकास तो पिंजरा चांगला, हा आपला फंडा. फिंचचा फंडा एकदम वेगळा आहे. वन-बीएचकेमध्ये ही चिमुकली जोडी आणायचा बेत असेल, तर आधी हे वाचा.

टीं-टीं-टीं... सकाळी मोबाइलचा अलार्म वाजायच्या आधी आमच्या हॉलमध्ये हा आवाज सुरू होतो. जत्रेतल्या छोट्या पिपाणीसारखा. हे आमचे झेब्रा फिंच. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर, वजन १२ ग्रॅमच्या आसपास, आणि अॅटिट्यूड मात्र टीम लीडरचा!

पण ही माझी पहिली जोडी नाही. पहिली जोडी ऑफिसच्या ग्रुपने वाढदिवसाला दिली होती. सोबत पिंजराही. सोनेरी, गोल, वर देवळासारखा घुमट, कडेने नक्षी. हॉलचा लुकच बदलला. येणारा प्रत्येक जण 'वॉव' म्हणायचा. आठव्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले, तर नर एकटाच ओरडत होता. मादीने घुमटाजवळच्या गजांमधून डोकं बाहेर काढलं होतं. तिथे गज वर जाताना एकमेकांच्या जवळ येतात. तिची मान तिथेच अडकली होती. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेव्हा जे टाळक्यात शिरलं, ते तुमच्या बाबतीत आधीच शिरावं म्हणून हा लेख. पिंजरा हा शोपीस नाही. ते त्यांचं घर आहे, आणि भाडेकरूला घर बदलायची सोय नाही!

उंची नको, लांबी बघा

पोपट चोचीने गज धरून वर चढतो. फिंच चढत नाही, उडतो. तोही हेलिकॉप्टरसारखा सरळ वर नाही, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा. म्हणून तीन फूट उंच आणि एक फूट रुंद असा 'टॉवर' पिंजरा त्यांच्या काहीच कामाचा नाही. त्यातली बरीचशी जागा नुसती वाया जाते.

एका जोडीसाठी किमान ३० इंच लांब, १८ इंच खोल आणि १८ इंच उंच एवढा आयताकृती पिंजरा घ्या. जागा असेल तर यापेक्षा लांब घ्या, मोठ्याची तक्रार कुठलाच फिंच करणार नाही. आत दोनच दांड्या, दोन टोकांना, म्हणजे मधलं 'रनवे' मोकळं राहतं. झोके, घंट्या, आरसे यांनी पिंजरा भरून टाकलात, तर त्यांनी उडायचं कुठे?

गोल पिंजरा तर नकोच. फिंचला दडायला कोपरा लागतो आणि गोलात कोपराच नसतो.

गजांमधली फट : करंगळी टेस्ट

दोन गजांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. १० मिलिमीटर असेल तर उत्तमच. लव्हबर्ड किंवा कॉकटेलसाठीचे पिंजरे दुकानदार 'सगळ्यांना चालतात मॅडम' म्हणून गळ्यात मारतात. चालत नाहीत! सोपी टेस्ट म्हणजे आपली करंगळी. ती आरामात आतबाहेर होत असेल, तर पिंजरा तिथेच ठेवून पुढच्या दुकानात जा.

दारंही नीट बघा. वर सरकणारं छोटं दार स्वस्त पिंजऱ्यांत ढिलं असतं. त्याला कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावून टाका. पाच रुपयांत सिक्युरिटी!

लाकूड, लोखंड की स्टील?

बांबूचा पिंजरा फोटोत सुंदर दिसतो. पण बांबूच्या आणि लाकडाच्या सांध्यांमध्ये बारीक कीड लपते. ती रात्री बाहेर येऊन पक्ष्यांचं रक्त पिते. पावसाळ्यात बुरशी येते ती वेगळीच, आणि धुऊन वाळवणं म्हणजे वैताग.

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जाळी. फॅब्रिकेटरकडून पिंजरा बनवून घेणारे बहुतेक जण हीच वापरतात. टिकाऊ आणि स्वस्त, पण नव्या जाळीवर जस्ताचे सुटे कण आणि पांढरी भुकटी असते. ती पोटात गेली तर पक्ष्याला विषबाधा होऊ शकते. म्हणून जाळी आणली की व्हिनेगरच्या पाण्याने ब्रशने घासायची, स्वच्छ धुवायची, उन्हात वाळवायची आणि मगच पक्षी आत. वेल्डिंग करून झाल्यावर मुलामा दिलेली जाळी मागा. तिचे सांधे गुळगुळीत असतात आणि गंजतही उशिरा.

पावडर कोटिंगचा पिंजरा फ्लॅटसाठी छान. रंग गडद घ्या, त्यातून पक्षी स्पष्ट दिसतात. मात्र कोटिंगचे पोपडे निघायला लागले की त्याला रिटायर करा. जुन्या बाजारातून आणलेल्या रंगीत पिंजऱ्याच्या वाटेला जाऊ नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. पितळी पिंजराही शोभेलाच ठेवा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यावर चढणारी हिरवी कळकट पक्ष्यांसाठी घातक.

सगळ्यांत बेस्ट म्हणजे स्टेनलेस स्टील, ३०४ ग्रेडचं. खिसा हलका होतो, पण गंजाचं आणि जस्ताचं टेन्शन संपतं.

दांड्या प्लॅस्टिकच्या काढून टाका आणि पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या लावा. औषध न मारलेल्या झाडाच्या, धुऊन वाळवलेल्या. फांदीची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे पायांना व्यायाम होतो.

पिल्लं हवीत? मग बॉक्स!

ब्रीडिंगसाठी जुने जाणकार चारी बाजूंनी उघडा पिंजरा वापरत नाहीत. ते 'बॉक्स केज' वापरतात. मागची, वरची आणि दोन्ही बाजू प्लायवूडच्या, आतून सनमायका आणि फक्त पुढे जाळी. पाठीमागून कुणी येत नाही म्हटल्यावर पक्षी निवांत होतात आणि अंड्यांवर नीट बसतात. एमडीएफ मात्र टाळा, पाणी लागलं की फुगतं.

जागा असेल तर चार फुटी बॉक्स करून मधोमध सरकतं पार्टिशन ठेवा. एका बाजूला आईबाबा, दुसऱ्या बाजूला स्वतःचं स्वतः खाऊ लागलेली पिल्लं. पार्टिशन काढलं की सगळ्यांना उडायला मोठ्ठा हॉल!

घरटं म्हणून आपल्याकडे मिळणारं छोटं मातीचं मडकं किंवा पाच इंची लाकडी खोका पुरतो. तो वरच्या कोपऱ्यात बांधा. आत वाळलेलं गवत आणि काथ्याचे छोटे तुकडे. दोरा, लोकर, कापूस अजिबात नको. पिल्लांच्या पायाला गुंडाळला की पाय जातो.

मादी सहा महिन्यांची झाल्याशिवाय मडकं लावू नका. तीन महिन्यांतच ती अंडी घालू शकते, पण कोवळ्या वयात किंवा कॅल्शियम कमी पडलं तर अंडं आतच अडकतं आणि मादी दगावते. आयुर्वेदिक दुकानात मिळणारं समुद्रफेण पिंजऱ्यात कायम लटकवा. राळ्यांसोबत उकडलेलं अंडंही अधूनमधून द्या.

पुढचं गणित सोपं. चार-सहा अंडी, साधारण १३ दिवस उबवणं, जवळपास तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर. काळ्या चोची लालसर झाल्या की त्यांना वेगळं करा.

ठेवाल कुठे?

स्वयंपाकघरात कध्धीच नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की जो धूर निघतो, तो आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतात. मच्छर अगरबत्ती आणि रूम फ्रेशनरही लांबच. एसीचा झोत अंगावर नको. बाल्कनीत मांजर, कावळे, उंदीर आणि जुलैचा तिरपा पाऊस, म्हणून तिथेही एकटं सोडू नका. हॉलमध्ये भिंतीला टेकवून, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. पिंजरा उघडायच्या आधी पंखा बंद!

वर्षाला पंधरा?

आता जरा सीरियस. एका जोडीने वर्षात तीनदा पाच-पाच अंडी दिली, तर पंधरा पिल्लं. त्यांचं काय करणार? 'सोडून देऊ' हे उत्तर नाही. हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पण पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले. बाहेर सोडलेत तर कावळ्यांचा नाश्ता होतील. म्हणून घर ठरलेलं असेल तेवढीच पिल्लं होऊ द्या. वर्षात दोन-तीनपेक्षा जास्त वेळा नको. नंतर मडकं काढून ठेवा आणि जोडीला सुटी द्या. मडकं नसलं तरी मादी कधी कधी भांड्यातच अंडी घालते. तेव्हा ती काढून टाकणं, एवढंच आपल्या हातात.

आणि हो, कायदा!

बाजारात 'फिंच' म्हणून लाल मुनिया किंवा रंग फासलेल्या मुनिया दाखवल्या, तर सरळ नाही म्हणा. त्या आपल्या रानातल्या आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. झेब्रा आणि बेंगालीज फिंच हे पिंजऱ्यात जन्मलेले पक्षी. जावा स्पॅरो मात्र 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे २०२४च्या नियमांनुसार त्याची नोंदणी 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते.

तो सोनेरी पिंजरा अजून आहे माझ्याकडे. दार काढून टाकलंय आणि आत मनी प्लँट लावलाय. लुक मस्तच येतो! मागे राहिलेल्या त्या नराला नवी जोडीदारीण आणली आणि दोघांना चार फुटी बॉक्स. पहिल्या दिवशी तो एका टोकाला बसून नुसता बघत राहिला. मग एकदम उडाला, थेट दुसऱ्या टोकाला. परत आला. परत गेला. ऑफिसला त्या दिवशी मला उशीर झाला, पण खरं सांगू? त्याचं वाईट अजिबात वाटलं नाही.

तेव्हा दुकानात शिरताना पर्स नंतर उघडा. आधी मोजपट्टी काढा!