आकडा लक्षात राहतो, पण तो वहीत असावा लागतो

कापड बाजारात सकाळी शटर उघडल्यापासून रात्री गल्ला मोजेपर्यंत ‘एक नंबर माल’, ‘पक्का रंग’, ‘बाजारात असा भाव नाही’ हेच शब्द कानावर पडत असतात. शेजारचा दुकानदारही तेच बोलतो, समोरचाही तेच. त्यामुळे गिऱ्हाईक ते ऐकतच नाही. पण त्याला सांगा, “हे कापड धुतल्यावर मीटरमागे एक सेंटिमीटरपेक्षा जास्त आटणार नाही.” लगेच तो कापड हातात घेऊन पाहू लागतो. आकड्यात ही ताकद आहे.

आपल्याच धंद्यात याचे मोठे उदाहरण आहे. जुन्या मंडळींना कापडाच्या काठावरचा ‘सॅन्फोराइज्ड’ हा शिक्का आठवत असेल. कापड शिवण्याआधीच यंत्रावर आटवून घेण्याची रीत अमेरिकेतील सॅनफर्ड क्लुएट यांनी काढली आणि १९३० साली तिचे पेटंट झाले. शिक्का वापरायचा तर अट एकच. नंतर धुण्यात कापड एक टक्क्यापेक्षा जास्त आटता कामा नये. आपल्या गिरण्यांच्या कापडावरही हा शिक्का येत असे. गिऱ्हाइकाला यंत्र ठाऊक नव्हते, पण शर्ट आखूड होणार नाही एवढे त्याला समजत होते.

दुसरे उदाहरण साबणाचे. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने आयव्हरी साबण रसायनतज्ज्ञाकडून तपासून घेतला. त्यात ०.५६ टक्के इतर द्रव्ये निघाली. ती शंभरातून वजा केली आणि ‘९९.४४ टक्के शुद्ध’ ही जाहिरात १८८२ साली आली. पूर्ण शंभर म्हटले असते तर कोणी लक्ष दिले नसते. थोडी उणीव कबूल केली, म्हणूनच लोकांचा विश्वास बसला.

डबेवाल्यांचा आकडा

मुंबईच्या डबेवाल्यांची कथा तर प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घ्यावी अशी आहे. १९९८ साली ‘फोर्ब्स’ मासिकाने त्यांच्यावर लेख छापला. लेखक सुब्रत चक्रवर्ती यांनी संघटनेच्या प्रमुखांना विचारले, “चूक किती वेळा होते?” उत्तर आले की जवळजवळ नाहीच, फार तर दोन महिन्यांत एकदा. रोजचे सुमारे पावणेदोन लाख डबे धरून चक्रवर्तींनी हिशेब केला. सुमारे ८० लाख डब्यांत एक चूक निघाली. रिकामा डबा परतही जातो, ती फेरी धरली तर एक कोटी ६० लाखांत एक.

हा आकडा जगभर फिरला. पुढे त्याला ‘सिक्स सिग्मा’चे बिरुद चिकटले आणि ते ‘फोर्ब्स’ने दिले असे लोक सांगू लागले. चक्रवर्तींनी नंतर स्पष्ट केले की असे प्रमाणपत्र कोणी दिलेच नव्हते, आपण तो शब्दही वापरला नव्हता. डबेवाल्यांची मेहनत अस्सल, यात शंका नाही. मात्र आकड्याचे मूळ तोंडी अंदाजात होते आणि बिरुद तर वाटेतच जोडले गेले. डबेवाल्यांची रोजची सेवा मुंबईच्या डोळ्यांसमोर होती, म्हणून ते निभावले. तुमच्या-माझ्या दुकानाला एवढी सवलत मिळत नाही.

माझी चूक

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या गणवेशाचे कापड देताना मी पत्रकावर ‘१०० टक्के पक्का रंग’ असे छापले. एजंटने सांगितले, मी छापले. एक तुकडाही पाण्यात बुडवून पाहिला नाही. पहिल्याच पावसात निळ्या कापडाचा रंग पांढऱ्या शर्टावर उतरला. पालक माझेच पत्रक हातात घेऊन दुकानात उभे राहिले. पैसे परत केले, पण पुढच्या वर्षी ती ऑर्डर दुसरीकडे गेली. नंतर कळले की प्रयोगशाळेत धुण्यातील रंगाच्या पक्केपणाला १ ते ५ असे गुण देतात. त्यात ५ सर्वात चांगला. ‘शंभर टक्के’ असा गुण तेथे नाहीच! जो गुण मोजलाच जात नाही, त्याची हमी मी छापून बसलो होतो.

मग करायचे काय?

व्यापारी बंधूंनो, यासाठी मोठा खर्च लागत नाही. नव्या मालाच्या तुकड्यावर ५० सेंटिमीटर लांबीची खूण करा, तीन वेळा धुवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. ४९ भरले तर दोन टक्के आटले. रंगासाठी त्याच तुकड्याला पांढरे सुती कापड शिवून धुवा. पांढऱ्यावर जे उतरेल ते खरे.

दुसरे म्हणजे परत आलेल्या मालाची वेगळी वही ठेवा. समजा, वर्षात २,००० साड्या विकल्या आणि ८ परत आल्या. म्हणजे २५० साड्यांत एक. “आमच्याकडे अडीचशे साड्यांत एक परत येते आणि तीही बदलून देतो” असे दुकानात लिहा. ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ या पाटीपेक्षा ते वाक्य जास्त काम करील. आकडा एकच ठेवा, तोंडी सांगता येईल इतका सोपा ठेवा आणि दरवर्षी वही पाहून बदला. तो वाईट झाला तरी बदला.

परदेशात चादरीच्या विणीतील धाग्यांची संख्या फुगवण्यासाठी काहींनी पीळ दिलेल्या धाग्यातील प्रत्येक पदर वेगळा मोजला. अशाने ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते, असे अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या अधिकाऱ्यांनी २००५ साली बजावले. पदर मोजून चादर जाड होत नाही आणि आकडा फुगवून दुकान मोठे होत नाही.

गिऱ्हाइकाने “दाखवा हिशेब” म्हटले, तर वही काढून पुढे ठेवता आली पाहिजे. जो आकडा वहीत नाही, तो पाटीवर लिहू नका.