हँडब्रेक ओढला, एवढ्यावर गाडी सोडू नका

या कार्यक्रमात आपण आजवर कर्जाच्या हप्त्यांवर बोललो, मसाल्याच्या पॅकिंगवर बोललो, बाजारभावावर बोललो. आजचा विषय चारचाकीचा आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या गटांच्या दारात गाड्या आल्या. कुणी माल बाजारात न्यायला ओम्नी किंवा ईको घेतली, कुणाच्या घरी जुनी अल्टो आली, आणि त्या चालवायला आपल्यातल्याच बायका शिकल्या. क्लच, गिअर, स्टेअरिंग सगळं शिकून झालं. पण बहुतेकींचं शिक्षण सपाट मैदानावर झालं. आपला भाग काही सपाट नाही. वाईतून वर जायचं तर पसरणीचा घाट, साताऱ्यातून कासला जायचं तर यवतेश्वरचा घाट, मांढरदेवला जायचं तरी चढच. घाटाचं सोडा, कितीतरी घरांपुढचं अंगणच उताराचं आहे. म्हणून मॅन्युअल गिअरची गाडी चढ-उतारावर उभी कशी करायची आणि हँडब्रेकवर किती विसंबायचं, हे आज बघू.

चालत्या गाडीत काही झालं तर चालवणारीचा पाय ब्रेकवर असतो. उभी गाडी सुटली तर आत कुणीच नसतं. ती हॉर्न देत नाही, इंजिनाचा आवाज नसतो, आणि तिच्या वाटेत कोण आहे हे बघायलाही कुणी नसतं. अंगणात खेळणारं मूल किंवा गाडीकडे पाठ करून उभी असलेली म्हातारी यांना ती कळतसुद्धा नाही.

आधी उतार गाडीला किती ओढतो ते समजून घेऊ. हिशोब आपल्या व्याजाच्या हिशोबासारखाच आहे. दहा फूट पुढे गेल्यावर रस्ता एक फूट उतरत असेल, तर त्याला १० टक्के उतार म्हणतात. अशा रस्त्यावर गाडीच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा जोर तिला खाली ओढतो. गाडी, माणसं आणि माल मिळून १२०० किलो झाले, तर १२० किलोंची ओढ. म्हणजे गव्हाची दोन पोती आणि वर थोडं, इतकं वजन दोरीला टांगलंय असं समजा. उतार २० टक्के असेल तर तीच ओढ २४० किलोंच्या आसपास जाते. रिकामी गाडी जिथे निवांत उभी राहते, तिथेच ती भरली की ओढ वाढते. हे लक्षात ठेवा, कारण आपण गाडी बहुतेक वेळा उभी करूनच भरतो.

आता ही ओढ धरतं कोण? हँडब्रेक. पायाने दाबायचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो आणि चारही चाकांना लागतो. आपल्या छोट्या गाड्यांमधला हाताने ओढायचा हँडब्रेक मात्र तारेवर चालतो आणि तो फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. दांडी वर ओढली की गाडीखालून गेलेली पोलादी तार ताणली जाते. ती मागच्या चाकाच्या ड्रममधले लायनर बाहेर ढकलते, आणि लायनर ड्रमला घट्ट टेकून चाक धरून ठेवतात. सायकलच्या ब्रेकची तार आठवा. नवी असताना जरा दाबलं की चाक थांबतं. दोन वर्षांनी तीच तार सैल पडते, ब्रेक पार दांड्याला टेकतो तरी सायकल पुढे जाते. मग सायकलवाला नट आवळून देतो. गाडीच्या हँडब्रेकचंही तसंच आहे.

हँडब्रेक कमजोर होण्याची कारणं बघा. तार वापरून सैल होते. लायनर झिजतात. पावसाळ्यात चिखलपाणी तारेच्या नळीत शिरतं, आत गंज धरतो आणि तार अडकते. चाकातलं ब्रेकचं तेल गळून लायनरवर आलं की लायनर घसरतो. काही गाड्यांना मागेही डिस्क ब्रेक असतात आणि हँडब्रेक त्याच डिस्कला धरतो. अशी गाडी घाट उतरून आली की डिस्क तापलेली असते. ती थंड होते तशी आकसते आणि पकड थोडी सैल पडू शकते. म्हणजे आपण उतरलो तेव्हा गच्च उभी असलेली गाडी अर्ध्या तासाने, आपण तिथे नसताना, सुटू शकते. घाट उतरून उतारावर थांबणार असाल, तर दांडी नेहमीपेक्षा एक-दोन दात जास्त ओढा.

समोरच्या काट्यांपाशी लाल दिवा लागतो, त्यावरून हँडब्रेक लागला असं आपण धरून चालतो. तो दिवा फक्त दांडी वर आहे एवढंच सांगतो. खाली तारेने चाक धरलंय की नाही, हे त्याला माहीत नसतं. तार तुटलेली असली तरी दांडी वर केल्यावर दिवा लागेल. आणि दांडी पूर्ण खाली असूनही तो दिवा जात नसेल, तर बऱ्याच गाड्यांमध्ये त्याचा अर्थ ब्रेकचं तेल कमी झालं असा असतो. मग गाडी न चालवता आधी मेकॅनिकला बोलवा.

आमच्या ओळखीतल्या एका गटाची गोष्ट सांगतो. गावच्या गिरणीपुढे चढ आहे. मिरची कांडून झाली, व्हॅन गिरणीपुढे चढाकडे तोंड करून उभी केली, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलमध्येच राहिला. मागचं दार उघडून दोघीजणी पोती भरू लागल्या. दोन पोती होईपर्यंत गाडी हलली नाही. तिसरं पोतं आत पडलं आणि गाडी मागे आली. दोघींच्या पाठीमागे गिरणीची भिंत. चाक गटाराच्या कडेला अडलं, म्हणून भिंत आणि गाडी यांच्यात हातभर जागा उरली. नंतर मेकॅनिकने ड्रम उघडला तेव्हा एका बाजूचा लायनर तेलाने भिजलेला निघाला. सगळी गाडी एकाच चाकावर धरलेली होती. माल भरणारी बाई नेहमी गाडीच्या मागेच उभी असते. चढावर गाडी सुटली तर ती नेमकी तिच्याच अंगावर येते.

म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे, की गाडी एकट्या हँडब्रेकच्या भरवशावर सोडू नका. हँडब्रेक, गिअर आणि चाक अशा तीन गोष्टींनी ती बांधा. एक सुटली तर दुसरी धरेल.

हँडब्रेक झाला, आता गिअर. गाडी धक्का स्टार्ट करताना तुम्ही कधी ढकलली असेल. न्यूट्रलमध्ये ती सहज पळते, आणि आतल्याने गिअर टाकून क्लच सोडला की एकदम अडखळते. ती अडवणूक इंजिनाची असते. बंद इंजिनाच्या सिलिंडरमधली हवा दाबली जाते आणि चाकाला फिरू देत नाही. उभ्या गाडीला हाच जोर कामाला येतो. पहिला आणि रिव्हर्स या दोन गिअरमध्ये तो सगळ्यात जास्त असतो. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर टाका, उताराकडे असेल तर रिव्हर्स. गाडी ज्या बाजूला घसरू शकते, त्याच्या उलट बाजूचा गिअर, एवढं ध्यानात ठेवलं की चुकत नाही. पण एकट्या गिअरवरही सोडू नका. इंजिन जुनं झालं की दाबलेली हवा हळूहळू निसटते आणि गाडी थोडी थोडी सरकत राहते.

तिसरं चाक. रस्त्याच्या डाव्या कडेला उभं राहायचं आणि तोंड उताराकडे, तर पुढची चाकं डावीकडे वळवून ठेवा. गाडी सुटलीच तर रस्त्याच्या मध्ये न जाता कडेला जाऊन अडेल. तोंड चढाकडे आहे आणि कडेला फूटपाथचा उंच काठ आहे, तर चाकं उजवीकडे वळवा. गाडी मागे आली की पुढच्या चाकाची मागची बाजू काठाला टेकते. तोंड चढाकडे आहे आणि काठ नाही, तर चाकं डावीकडेच ठेवा. हे सगळं डाव्या बाजूला डोंगर, बांध किंवा भिंत असेल तेव्हाचं. घाटात डावीकडे दरी असेल तर तिथे गाडी सोडून उतरूच नका. थोडं पुढे जा, रुंद आणि सपाट जागा बघा.

याच्या जोडीला दगड. बैलगाडी सोडली की चाकाला दगड लावणं आपल्या घरात कुणी वेगळं शिकवलं नाही, ते सगळ्यांना माहीत होतं. मोटारीला दगड लावताना मात्र काही जणी संकोचतात, लोक हसतील म्हणतात. हसू दे. ट्रक उभा राहिला की क्लीनर खाली उडी मारून आधी चाकाला ठोकळा लावतो, त्याला कुणी हसत नाही. लाकडाचे दोन तिरके ठोकळे सुताराकडून करून घ्या आणि गाडीतच ठेवा. उताराच्या खालच्या अंगाने, चाकाला अगदी चिकटवून लावा. निघताना ते उचलायला विसरू नका. रस्त्यात राहिलेला दगड रात्री दुचाकीवाल्याचा जीव घेऊ शकतो.

आता क्रम सांगतो. हे जमलं तर लिहून घ्या. गाडी थांबली की पाय ब्रेकवर ठेवा, क्लच दाबा, न्यूट्रल करा. पुढची चाकं हवी तिकडे वळवा. हँडब्रेक पुरता ओढा. मग पायाचा ब्रेक अगदी हळू सोडा आणि गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या. गाडी सरकली तर लगेच ब्रेक दाबा, म्हणजे हँडब्रेक धरत नाही हे तुम्हाला आत बसलेलं असतानाच कळेल. सरकली नाही तरी पुन्हा ब्रेक दाबा, इंजिन बंद करा, क्लच दाबून गिअर टाका, क्लच सोडा, आणि शेवटी पायाचा ब्रेक सोडा. गाडी किंचित बसेल, तेवढं चालतं. मग किल्ली काढा, उतरा, ठोकळे लावा. मागचं दार त्याच्यानंतरच उघडायचं.

परत निघतानाही एक गोष्ट पाळा. आधी ब्रेकवर पाय, नंतर क्लच. उतावीळपणे नुसता क्लच दाबला तर गिअरने धरलेली गाडी सुटते. आणि क्लच न दाबता किल्ली फिरवली तर गिअरमध्ये असलेली गाडी उडी मारते. घरात दोघं-तिघं एकच गाडी चालवत असतील, तर गाडी गिअरमध्येच उभी असते हे सगळ्यांना सांगून ठेवा.

काही जणी म्हणतात, पावसात हँडब्रेक चिकटतो म्हणून आम्ही लावतच नाही. ओलसर हवेत गाडी कित्येक दिवस उभी राहिली की लायनर गंजून ड्रमला चिकटतात, हे खरं आहे. पण त्याचा उपाय सपाट जागेपुरता आहे. गाडी सपाटीवर बरेच दिवस ठेवायची असेल तर गिअर आणि ठोकळ्यांवर ठेवा. उतारावर हँडब्रेक लावायलाच हवा. आणि कधीच न वापरलेल्या हँडब्रेकची तार गंजून बसते, मग गरजेच्या दिवशी दांडी हलते पण चाक धरत नाही.

तपासणी सोपी आहे. सर्व्हिसिंग करून आणल्यावर दांडी सावकाश ओढा आणि कट-कट आवाज मोजा. किती असावेत ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तो आकडा वहीत लिहा. पुढे दर महिन्याला मोजा. दोन-तीन आवाज वाढले की तार आवळायची वेळ आली. दांडी फार वर येत असेल किंवा ओढताना हलकी लागत असेल, तर लांबणीवर टाकू नका. मेकॅनिकला नुसतं ‘तार आवळा’ म्हणू नका, ‘ड्रम उघडून लायनर बघा’ असंही सांगा. झिजलेल्या लायनरवर तार आवळून दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही.

उभ्या गाडीत मुलांना एकटं सोडू नका. दांडी खाली करायला आणि गिअर काढायला लहान मुलालाही वेळ लागत नाही. आणि गाडी सुटलीच, तर तिला अडवायला मागे किंवा पुढे उभं राहू नका. हजार-बाराशे किलो हाताने थांबत नाहीत. ओरडून लोकांना बाजूला करा. माल गेला तर पुन्हा भरता येतो.

कायद्यानेही ही जबाबदारी चालवणाऱ्यावर टाकली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२६ सांगतं, की सार्वजनिक जागी चालकाची जागा सोडायची तर इंजिन बंद करून, ब्रेक लावून किंवा दुसरा बंदोबस्त करून, गाडी आपोआप चालू लागणार नाही याची खात्री करायला हवी.

आता एक काम. पुढच्या मासिक बैठकीला ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती घेऊन या. पुढे-मागे कुणी नाही अशा हलक्या उतारावर एकेकीने हँडब्रेक लावून, पाय ब्रेकवर तयार ठेवून बघायचं. कट-कट मोजायची आणि आकडा गटाच्या वहीत लिहायचा. ज्यांची गाडी सरकेल, त्यांनी दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठायचं. ठोकळे सगळ्यांनी मिळून एकदम करून घेतले तर स्वस्तात पडतील. भेटू बैठकीला. नमस्कार.