साठी आली म्हणून बुद्धी नाठत नाही

निपाणीच्या वखारीत तीस वर्षं तंबाखू चाळलेली आजी चहाचं आधण ठेवते आणि तिथंच अडते. साखरेचा डबा एका हातात, दूध दुसऱ्या हातात. सुनेचं नाव, नातवाची परीक्षा सगळं आठवतं. आधी काय नि नंतर काय, एवढंच जुळत नाही. चालतानाही पाय घासत टाकते. घरातले म्हणतात, साठी बुद्धी नाठी.

या म्हणीपायी तपासणीची मोलाची वर्षं वाया जातात. म्हातारपणी एखादं नाव चटकन सुचत नाही, हे खरं. पण रोजची कामं अडू लागली तर तो डिमेन्शिया नावाचा आजार असू शकतो. साठी ओलांडलेल्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णवांना तो नाही.

‘अंगावरून वारं गेलेलं नाही, मग मेंदूला काय होणार?’ हा समज त्याहून खोल रुजलाय. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन त्याला २० टक्के लागतो. तो पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षांच्या चढ्या दाबानं जाड नि कडक होतात, आतली वाट अरुंद होते. मग मेंदूत खोलवर कुठं तुरीच्या दाण्याएवढा भाग मरतो, कुठं नुसतं रक्त अपुरं पडतं. हातपाय लुळे पडतीलच असं नाही, त्यामुळं कुणाला पत्ता लागत नाही. अशा आजारात आधी विचाराचा वेग, कामाची आखणी आणि चाल बिघडते. स्मरणशक्ती बरेचदा नंतर. म्हणूनच ‘विसरला तरच डिमेन्शिया’ हेही खरं नाही. अनेक वृद्धांत अल्झायमर आणि हा रक्तवाहिन्यांचा आजार एकत्रच असतात.

आमच्या भागात बोलायला सगळ्यात जड जातं ते मिश्रीबद्दल. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, चुरून डबीत भरायची, सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायची. ‘विडी वाईट, मिश्रीनं दात बळकट होतात,’ असं बायका मनापासून सांगतात. पण निकोटिन हिरडीतूनही रक्तात उतरतं, वाहिन्या आकसतात, नाडी आणि रक्तदाब वाढतो. दिवसातून चारदा डबी उघडली, तर चारदा. १९८१ मध्ये याच पिकाच्या भावासाठी निपाणीच्या शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, गोळीबारात माणसं गेली. तंबाखूवर इथली घरं उभी आहेत, हे मनात ठेवूनच लिहितोय. तरी डबी बाजूला ठेवा, असंच मी म्हणेन.

बीपीची गोळी ‘एकदा लागली की सुटत नाही’ म्हणून टाळतात. वाढलेला दाब बहुधा दुखत-खुपत नाही, तो मोजूनच कळतो. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या ९ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचं ठरवलं, तेव्हा डिमेन्शियाच्या आधीची सौम्य बौद्धिक घसरण १९ टक्क्यांनी कमी आढळली. हे निष्कर्ष २०१९ चे. डिमेन्शिया मात्र खात्रीनं कमी झाल्याचं दिसलं नाही. दाब किती उतरवायचा, हे डॉक्टरांनीच ठरवावं. फार उतरला तर म्हातारं माणूस चक्कर येऊन पडतं.

एक गोष्ट सीमाभागाला आनंदाची. हैदराबादच्या ६४८ रुग्णांच्या २०१३ मधल्या अभ्यासात दोन भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला, अगदी निरक्षरांतही. घरी मराठी नि बाजारात कानडी बोलणाऱ्या बेळगावकराला हे ऐकून बरं वाटेल. पण त्यानं कडक झालेली रक्तवाहिनी मऊ होत नाही.

आणि हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, दहा मिनिटांत सावरलं, तर ‘गेलं वारं’ म्हणून घरी बसू नका. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. सावरलं नाही, तर गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. निपाणीहून कोल्हापूर गाठा की बेळगाव, घड्याळ लक्षण दिसल्या क्षणापासूनच चालू झालेलं असतं.