नाकाबंदीला मुदत हवी

पूर्णा नदीवरचं येलदरी धरण 1968 साली उभं राहिलं तेव्हा जिंतूरहून सेनगावला जाणाऱ्याला जिल्हा ओलांडावा लागत नव्हता. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि येलदरी सीमेवरचं गाव ठरलं. तरीही बाजार, दवाखाना, सोयरीक दोन्हीकडे सुरूच राहिली. 23 मार्च 2020 रोजी राज्यात संचारबंदी लागू होऊन जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा कागदावरची ही रेघ पहिल्यांदा रस्त्यावर उतरली. ई-पासची अट 2 सप्टेंबर 2020 पासून उठली आणि 2021च्या एप्रिलमध्ये परत आली. साथीत रस्ते अडवणं गरजेचं होतं, हे मान्यच आहे. पण आदेश मुंबईत निघाला, तरी पेशंटची गाडी सोडायची की मागे फिरवायची, हे बऱ्याचदा बॅरिकेडपाशी उभ्या असलेल्या पोलिसाच्या मनावर ठरलं. त्या नाक्यांचा हिशेब नंतर विधिमंडळाने मागायला हवा होता आणि पुढच्या वेळेसाठी कायदा करायला हवा होता. तो आजही करता येईल.

वाट अडवणारी सत्ता मराठवाड्याने पूर्वीही पाहिली आहे. निजामी राजवटीतले करोडगिरीचे नाके लोकांना इतके जाचक वाटत, की मुक्तिसंग्रामात त्यांच्यावर हल्ले झाले. पुढे महाराष्ट्रात जकातही टप्प्याटप्प्याने गेली. मुंबईतली 1 जुलै 2017 रोजी जीएसटीबरोबर संपली. महसुलाचे नाके असे गेले, पोलिसांचे मात्र राहिले, आणि त्यांच्यामागचा कायदा विस्कळीतच राहिला. मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 130 गणवेशातल्या पोलिसाला लायसन्स मागण्याचा अधिकार देतं. त्यासाठी संशयाचं कारण लागत नाही. त्याच कायद्यातलं कलम 203 चालकाला फुंकर मारायला लावण्याआधी वाजवी संशय असावा, असं सांगतं. 1951च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यातल्या कलम 37 खाली जमावबंदी 15 दिवसांपलीकडे न्यायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते. म्हणजे लोकांनी एकत्र जमण्यावरच्या बंदीला मुदत आहे, पण वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवणाऱ्या नाकाबंदीला तशी मुदत नाही. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, मग डिकी उघडा, मग गाडी बाजूला घ्या, अशी तपासणी वाढत जाते. ती कुठे थांबावी, हे एका ठिकाणी कुठेच लिहिलेलं नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप 26 नोव्हेंबर 2008च्या रात्रीचा आहे. गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी होती म्हणूनच कसाब जिवंत सापडला आणि तुकाराम ओंबळे यांनी त्यासाठी प्राण दिले. त्या बलिदानापुढे नतमस्तक होऊनच सांगायला हवं, की ती नाकाबंदी नेमक्या माहितीवर उभी होती. पळवलेल्या गाडीची खबर वायरलेसवर आली होती, कारण ठाऊक होतं आणि तातडी उघड होती. अशी नाकाबंदी कोणताही शहाणा कायदा रोखणार नाही. कायद्याने रोखायची ती कारण न सांगता दिवसेंदिवस चालणारी अडवणूक.

कागदोपत्री काम वाढलं तर अपुऱ्या मनुष्यबळाचे पोलीस थकतील, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर आपल्याच निवडणुकांनी दिलं आहे. आयोगाच्या कार्यपद्धतीनुसार स्थिर सर्वेक्षण पथकाच्या नाक्यावर दंडाधिकारी हजर असावा लागतो, तपासणीचं चित्रीकरण होतं आणि जप्त रोकडीबद्दल दाद ऐकायला जिल्ह्यात समिती असते. मतदानापुरती ही शिस्त जमते, तर एरवी का जमू नये? ब्रिटनमध्ये 1984च्या पोलीस कायद्याने रस्त्यावरच्या तपासणीसाठी अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी सक्तीची केली. एका परवानगीची मुदत जास्तीत जास्त सात दिवस असते, आणि अडवलेल्या चालकाला नंतर लेखी कारण मागता येतं. तातडीच्या वेळी कनिष्ठ अधिकारीही परवानगी देऊ शकतो. तिथल्या पोलिसांचे हात त्यामुळे बांधले गेलेले नाहीत.

आपल्याकडे पाया तयार आहे. पोलीस हा विषय राज्यसूचीत असल्याने दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006च्या प्रकाश सिंह निकालानंतर राज्याने 2014 मध्ये पोलीस कायदा दुरुस्त करून तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. पण नाक्याची नोंदच नसेल तर तक्रारदार तिथे दाखवणार काय? म्हणून कायद्यात चार गोष्टी हव्यात: ठाणेदाराच्या वरच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश, त्यात जागा आणि कारण; ठरलेली मुदत आणि ती वाढवताना नवं कारण; अडवलेल्याला मागताच मिळणारी लेखी नोंद; आणि दरवर्षी विधिमंडळापुढे नाक्यांचा अहवाल. घटनेच्या 19व्या अनुच्छेदाने देशभर फिरण्याचा हक्क दिला आहे आणि त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही. वाजवी म्हणजे किती, हे ठरवण्याचं काम लोकांनी निवडून दिलेल्या आमदारांचं आहे, आणि ते त्यांनी करावं.