गाडीला ताप येतो तेव्हा

माणसाला ताप येतो, गुराला ताप येतो, तसा गाडीलाही ताप येतो. माणसाचा ताप डॉक्टर थर्मामीटर लावून बघतात. गाडीचा ताप ड्रायव्हरसमोरच्या एका छोट्या काट्यावर दिसतो. काटा तांबड्या रेघेकडे सरकला की समजायचं, गाडी आजारी पडली.

आपल्या भागात वाड्यावस्त्या डोंगरात आहेत. एस.टी. मोठ्या रस्त्यापर्यंतच येते. तिथून पुढं जायचं ते वडापच्या जीपनं. बाजार, दवाखाना, हायस्कूल, लग्नाचं वऱ्हाड, सगळं जीपवरच अवलंबून. ती चढाला तापून थांबली की एकट्या ड्रायव्हरचं नव्हे, सगळ्या वाडीचं अडतं. म्हणून या अंकासाठी मी हा विषय घेतला. माझे मामा तालुक्याच्या गावी गॅरेजमध्ये मिस्त्री आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडं गेले होते. त्यांनी जे दाखवलं आणि गुरुजींनी विज्ञानाच्या तासाला जे सांगितलं, ते दोन्ही जुळवून हे लिहिलं आहे.

इंजिन तापतं कशानं?

इंजिन ही एक चूलच आहे. चुलीत लाकूड जळतं, इंजिनात डिझेल जळतं. ते जळताना सिलिंडरमध्ये क्षणभर सुमारे २००० अंश सेल्सिअस इतकी उष्णता होते. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळतं! मग ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळून का जात नाही? कारण एका जाळानंतर दुसरा जाळ होईपर्यंत थोडी उसंत असते आणि मधली उष्णता सारखी बाहेर काढली जाते.

डिझेलच्या उष्णतेचे ढोबळमानानं तीन वाटे होतात. एक वाटा चाकं फिरवायला लागतो. दुसरा धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. तिसरा वाटा इंजिनाच्या लोखंडात मुरतो. हा तिसरा वाटा काढून नेण्याचं काम पाणी करतं.

पाण्याची फेरी

सिलिंडरच्या भोवती पोकळ जागा असते. पंप त्या जागेत पाणी फिरवतो. पाणी तापलं की वरच्या रबरी नळीनं रेडिएटरमध्ये येतं. रेडिएटरला पुष्कळ बारीक नळ्या असतात आणि नळ्यांच्या मध्ये पातळ पत्र्याची जाळी असते. कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कारण तो पसरतो आणि त्याला वारा लागतो. रेडिएटर म्हणजे गाडीची बशी. पंखा त्याच्यातून वारा ओढतो. निवलेलं पाणी खालच्या नळीनं पुन्हा इंजिनात जातं.

या वाटेवर दोन राखणदार आहेत. पहिला थर्मोस्टॅट. मामांनी मला एक जुना थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडून दाखवला. शेजारी थर्मामीटर ठेवला आणि शेगडी पेटवली. थर्मोस्टॅटच्या कडेवर ८२ असा आकडा होता. पाणी ८० अंशांपर्यंत तापलं तरी झडप मिटलेलीच. मग ती सावकाश उघडू लागली आणि ९५ अंशांच्या सुमारास पुरी उघडली. गार पाण्यात टाकल्यावर परत मिटली. आत मेण असतं, ते तापून फुगलं की झडप ढकलतं. सकाळी इंजिन गार असताना झडप मिटलेली असते, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. मग झडप उघडते आणि पाणी रेडिएटरला जातं.

दुसरा राखणदार म्हणजे रेडिएटरचं टोपण. ते नुसतं झाकण नव्हे, ते कुकरच्या शिट्टीसारखं आत दाब धरून ठेवतं. सध्याच्या पुष्कळ गाड्यांत हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. तेवढ्या दाबाखाली पाणी १०० अंशांना न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळतं. टोपणाचं रबर फाटलं की दाब राहत नाही. आणि डोंगरावर तर पाणी आणखी लवकर उकळतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. तिथं उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे पोलादपूरहून आंबेनळी घाट चढणाऱ्या गाडीचं टोपण खराब असलं, तर पाणी उकळायला वर जाता जाता आणखी सोपं होत जातं.

चढालाच का तापते?

सपाटीला गाडी पळते, समोरून वारा भरपूर लागतो. चढाला पहिला नाहीतर दुसरा गिअर. गाडी बैलगाडीच्या चालीनं चाललेली असते, पण इंजिन मात्र जोरात फिरत असतं. डिझेल जास्त जळतं आणि वारा कमी लागतो. त्यात माणसं दाटून बसलेली, टपावर पोती. वारा पाठीमागून असला तर आणखी पंचाईत.

कच्च्या रस्त्याची गोष्ट वेगळी. चिखलातून गेलेल्या जीपच्या रेडिएटरवर चिखल बसतो आणि वाळून त्याची भिंत होते. गवताची कुसळं, उसाचं पाचट, किडे जाळीत अडकतात. काही जण पुढच्या जाळीवर पाटी किंवा जादा दिवे लावतात. मग पंखा कितीही फिरला तरी वारा येणार कुठून? ओढ्याच्या खोल पाण्यातून गाडी जोरात घातली तर पंख्याची पाती वाकून रेडिएटरला लागतात आणि तो फुटतो.

आधी काय करायचं?

१. काटा चढू लागला की बाजूला जागा बघून थांबायचं. "थोडंच राहिलंय, वर गेल्यावर बघू" म्हणायचं नाही. हॅण्डब्रेक ओढायचा, चाकामागं दगडाची उटी लावायची. माणसांनी उतरून डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या नाही.

२. वाफ येत नसेल, पाणी गळत नसेल आणि पट्टा शाबूत असेल, तर इंजिन गिअरमध्ये न ठेवता हळू चालू ठेवायचं. पंखा आणि पंप फिरत राहतात आणि काटा उतरू लागतो. दोन-तीन मिनिटांत उतरला नाही तर इंजिन बंद. वाफ दिसली, पाणी गळालं किंवा पट्टा तुटला तर मात्र लगेच बंद करायचं.

३. गरम रेडिएटरचं टोपण उघडायचं नाही. ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. आतलं पाणी १०० अंशांच्या वर गेलेलं असतं, दाबामुळं ते उकळलेलं नसतं इतकंच. टोपण काढलं की दाब जातो आणि पाण्याची एकदम वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १६०० लिटर जागा व्यापते. ती सरळ तोंडावर येते. मामांच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरचा हात कोपरापर्यंत असा भाजला. दोन महिने त्यांना गाडी चालवता आली नाही.

४. निदान अर्धा तास थांबायचं. वरची रबरी नळी हाताला कोमट लागली की मग जाड फडकं घडी करून टोपणावर ठेवायचं, तोंड बाजूला करायचं आणि टोपण थोडंच फिरवायचं. उरलेली वाफ फुस्स करून जाऊ द्यायची. मग पुरं काढायचं.

५. तापलेल्या इंजिनात गार पाणी भसकन ओतायचं नाही. तापलेल्या काचेच्या पेल्यात गार पाणी ओतलं तर तो तडकतो, तसं इंजिनाचं लोखंडही तडकू शकतं. इंजिन निवल्यावर ते हळू चालू ठेवून थोडं थोडं पाणी ओतायचं.

मग कारण शोधायचं

पाणी भरलं, गाडी चालू झाली, की पुष्कळ जण पुढं निघतात. मामा म्हणाले, "अगं, पाणी कमी झालं म्हणून गाडी तापली, एवढं सगळ्यांना कळतं. पण पाणी गेलं कुठं, ते कोणी विचारत नाही." ताप उतरवला म्हणजे आजार बरा झाला असं नव्हे. मामा सोप्याकडून अवघडाकडं शोधत जातात. त्यांचा क्रम असा:

गळती: रबरी नळ्या, त्यांच्या क्लिपा, रेडिएटरचा तळ आणि पंपाखालचं छोटं भोक बघायचं. त्या भोकातून थेंब पडत असतील तर पंपाचं सील गेलं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला की सकाळी डागावरून जागा कळते.

पट्टा: पुष्कळ जुन्या जीपचा पंखा आणि पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. इंजिन बंद असताना पट्टा मध्यावर अंगठ्यानं दाबायचा. साधारण एक-दीड सेंटिमीटर दबला तर ठीक. जास्त दबला तर तो घसरतो.

पंखा: काही गाड्यांत पंखा विजेवर चालतो. तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. तिथं बोट घालायचं नाही.

रेडिएटरचं तोंड: चिखल, कुसळं असतील तर गार झाल्यावर इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला बेताच्या धारेनं धुवायचं. जोराच्या फवाऱ्यानं जाळी वाकते.

थर्मोस्टॅट: काटा तांबड्यावर, पाणी भरपूर, तरीही वरची नळी कढत आणि खालची गारच, तर झडप उघडत नसेल किंवा रेडिएटर आतून तुंबला असेल.

टोपण: रबर चिरलं आहे का, स्प्रिंग ढिली आहे का ते पाहायचं.

आतला क्षार: बोअरचं पाणी रोज तापवलं की पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. मग वरून स्वच्छ दिसणारा रेडिएटरही आतून तुंबलेला असतो.

हेड गॅस्केट: हे सर्वांत वाईट. रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहतो, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. अशी गाडी पुढं न्यायची नाही, गॅरेजलाच न्यायची. बहुतेक वेळा तापलेली गाडी तशीच दामटल्यामुळं हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. पन्नास-शंभर रुपयांच्या क्लिपेचं काम मग हजारांवर जातं.

एक चुकीची समजूत

"थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणारच नाही," असं पुष्कळ जण सांगतात. मामांना हे पटत नाही. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल जास्त लागतं आणि आतले भाग लवकर झिजतात. शिवाय खरं कारण तसंच राहतं. खराब झाला तर नवा बसवावा.

हिरव्या पाण्यापासून सावध

आता रेडिएटरमध्ये नुसत्या पाण्याऐवजी कूलंट घालतात. ते हिरवं, तांबडं किंवा निळं असतं. त्यानं गंज धरत नाही आणि पाणी थोडं उशिरा उकळतं. क्षार नसलेल्या पाण्यात कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणात ते मिसळायचं. पण बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर जिवावर बेतणारं विष आहे. म्हणून ते सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. गळालेलं कूलंट कुत्री चाटतात, तेव्हा त्यावर माती टाकून ती गोळा करावी. मुलांनी त्याला हात लावू नये. चुकून कोणाच्या पोटात गेलं, तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखान्यात न्यावं.

भाजलं तर

भाजलेल्या जागेवर लगेच साधं गार पाणी वीस मिनिटं धरावं. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढावं. हळद, टूथपेस्ट, तेल, शाई काही लावू नये. बर्फही लावू नये. फोड फोडू नये. स्वच्छ फडकं सैल झाकून दवाखान्यात न्यावं.

पालकांना आणि ड्रायव्हरकाकांना विनंती

रोज सकाळी गाडी गार असताना पाणी बघा, पट्टा बघा, नळ्या बघा, गाडीखाली ओल आहे का बघा. सगळ्याला मिळून पाच मिनिटं लागतात. गाडीत पाच लिटर स्वच्छ पाण्याचा कॅन, एक जादा पट्टा, दोन क्लिपा आणि एक जाड फडकं ठेवा.

आणि मित्रमैत्रिणींनो, आपण बसलेली जीप तापून थांबली तर "काका, चला ना लवकर" असं म्हणू नका. शाळेला उशीर झाला तर गुरुजींना कारण सांगता येतं. अर्धा तास झाडाखाली बसा आणि टोपणाकडं कोणी हात नेला तर त्यांना थांबवा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी